आपलं ऐकतात, पण किती वर्षांनी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारला आणि पुढाऱ्यांना सामान्य माणसाची खरंच पर्वा असते का, हा वाद इलेक्शन आलं की निघतोच, एक म्हणतो सगळे चोर, दुसरा म्हणतो आमचा नेता देवमाणूस, आणि हमरीतुमरीवर येतात. मला वाटतं कोणाच्या मनात काय आहे हे शोधत बसण्यात अर्थ नाही, कोणी ओरडल्यावर सरकार हललं आणि किती वर्षांनी हललं तेवढं बघावं.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं घ्या. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवायला म्हणून नळाला तिथल्या नदीचं पाणी सोडलं, लोक बाटल्या भरून घाण पाणी दाखवत होते, अंगावर पुरळ उठतंय म्हणून सांगत होते आणि अधिकारी आपले म्हणतायत पाणी चांगलंय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्याने सांगितलं की या पाण्याने आमचे इंजिनचे पार्ट गंजतात, तर त्यांना दुसरीकडचं पाणी मिळालं! माणसांच्या नळाचं पाणी बदलायला पुढचं अख्खं वर्ष गेलं, तेही एका डॉक्टर बाईंनी लहान मुलांच्या रक्तात शिसं वाढल्याचे आकडे सगळ्यांसमोर ठेवले तेव्हा.

ब्रिटनमध्ये तर कहर. पोस्टाच्या कॉम्प्युटरमधल्या चुकांमुळे हिशोबात पैसे कमी दिसायचे आणि चोर ठरायचे पोस्ट चालवणारे साधे लोक, १९९९ ते २०१५ मध्ये ९०० च्या वर लोकांना दोषी ठरवलं, काही जेलमध्ये गेले, काहींचं घरदार गेलं. एका साप्ताहिकाने २००९ मध्येच हे छापलं होतं, २०१९ मध्ये कोर्टाने सिस्टीमच सदोष होती असं सांगितलं, तरी बहुतेकांच्या कपाळावरचा डाग तसाच. मग जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर त्यावर मालिका आली, देश खवळला, आणि काही दिवसांत पंतप्रधानांनी कायदा करतो म्हणून सांगितलं, मे मध्ये तो झाला पण, इलेक्शन जाहीर झालं त्याच आठवड्यात. याला माया म्हणा नाहीतर मतांची भीती, लोक सुटले ना, मला तेवढं पुरे.

सगळेच तसले नसतात हेही खरं. तिथलीच १९४८ ची मोफत आरोग्य सेवा ज्या मंत्र्याने उभी केली तो अन्यूरिन बेव्हन पोरवयात कोळशाच्या खाणीत राबलेला होता. पण असा माणूस मिळेल म्हणून वाट बघायची तर किती पिढ्या?

अमर्त्य सेन सांगतात की जिथे निवडणुका होतात आणि पेपर मोकळेपणाने छापतात तिथे दुष्काळात मोठ्या संख्येने भूकबळी जात नाहीत. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढारी काय बोलला याच्या बातम्या जरा कमी करा आणि लोकांची तक्रार कधी दिली, कोणाकडे पडून आहे, आज काय झालं असा एक छोटा कॉलम रोज छापा, आणि तक्रार मिटेपर्यंत तेच नाव परत परत छापत रहा, वाचक कंटाळले तरी चालेल.

तुमची एक जुनी वाचक