करडी बुरशी दिसली म्हणजे तुमचं औषध ‘रुजलं’ नाही! चौथ्या फोननंतरची लेखी तक्रार

आत्ता पाच मिनिटांपूर्वी चौथा फोन ठेवलाय, म्हणजे तुमच्या माणसानेच ठेवलाय, आणि आता लेखी देतेय कारण फोनवर बोलून माझं बीपी वाढण्यापलीकडे काही होत नाही. हे कस्टमर केअरसाठी नाहीये, वरच्या मॅनेजमेंटसाठी आहे. बाटलीत काय भरलंय हे निदान तुम्हाला माहीत असेल या आशेवर लिहितेय.

औषध कुठलं ते सांगायला नको. निळ्या झाकणाचं, बॅसिलस सबटिलिसवालं, म्हणजे बुरशी रोखणाऱ्या जिवाणूंचं. बॅच नंबरचा आणि बिलाचा फोटो जोडलाय. माझी परवान्याची गांजाची ४० झाडं आहेत, सगळी उघड्यावर, त्यामुळे दव, पाऊस, धुकं जे येईल ते झाडांवरच. म्हणून तर जैविक फवारणी घेतली. माझ्या बाजूने काही कमी ठेवलं नव्हतं, खालच्या फांद्या काढल्या, मधली दाटी विरळ केली, हवा खेळती ठेवली, नळाचं पाणी क्लोरीन उडावं म्हणून रात्रभर उघडं ठेवून मगच पंपात घेतलं, तांब्याचं औषध त्यात मिसळलं नाही, दर ७ दिवसांनी न चुकता फवारलं. आणि खोटं कशाला बोलू, फुलोरा येईपर्यंत भुरीचा, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीचा, एक ठिपका दिसला नाही. तेव्हा मी चार जणांना तुमचं नाव सांगितलं होतं, आता त्यांना काय तोंड दाखवू ते तुम्हीच सांगा.

गोंधळ पुढे आहे. बाटलीच्या लेबलवर लिहिलंय ‘फुलोरा सुरू होईपर्यंत वापरावे’ आणि आतल्या पत्रकात लिहिलंय ‘काढणीच्या दिवसापर्यंत सुरक्षित’. दोन्ही तुमचंच! मग खरं कुठलं धरायचं? म्हणून पहिला फोन केला. उत्तर काय, तर “मारा मॅडम बिनधास्त, ऑरगॅनिकच आहे, काही होत नाही.” कधी मारू विचारलं तर “संध्याकाळी, ऊन उतरल्यावर.” आता उन्हात जिवाणू टिकत नाहीत हे मलाही कळतं. पण गांजाचे तुरे भरल्यावर किती घट्ट होतात ते बघितलंय का तुमच्याकडे कुणी? संध्याकाळी आत गेलेलं पाणी रात्रभर आतच राहतं, वरून दव, आणि करड्या बुरशीला दुसरं हवंय काय, १५ ते २५ डिग्रीचा गारवा आणि काही तास ओल मिळाली की झालं तिचं काम. म्हणजे तुमच्या सल्ल्याने मी बुरशीला रोज रात्री पाहुणचार केला. माझी अक्कल तिथे गहाण पडली हे मान्य, पण गहाण ठेवून घेणारे तुम्हीच.

दुसऱ्या फुलोरा-फवारणीनंतर चार दिवसांनी एका तुऱ्यातून डोकावणारं छोटं पान पिवळं दिसलं. बाकी तुरा हिरवागार, चिकाने चमकणारा. पान नुसतं चिमटीत धरलं तर अलगद निघून हातात आलं, जोर लावायलाच लागला नाही. तुरा उघडला तर आत सगळं तपकिरी, मऊ, त्यावर करडी लव, आणि माझा श्वास लागला तशी त्यातून बुरशीच्या बीजाणूंची धूळ उडाली. फोटो काढून तुमच्या नंबरवर पाठवला. दोन दिवस उत्तर नाही, मग मीच परत फोन केला, तर “फोटो पोचला नाही, परत पाठवा.” परत पाठवला. मग तिसरा फोन. तो शब्द न शब्द लिहिते, कारण तो माझ्या डोक्यातून जात नाहीये.

“फोटो बघितला मॅडम. छान आहे.”

मी म्हटलं, छान?

“हो, म्हणजे प्रॉडक्ट रुजलंय. ही आपलीच बुरशी आहे. मित्र बुरशी.”

मी म्हटलं, अहो त्या बाटलीत बॅसिलस आहे.

“तेच ना मॅडम, बॅसिलस बुरशी.”

बॅसिलस जिवाणू आहे, म्हटलं.

“एकच की हो.”

यावर मी गप्प झाले, खरंच काय बोलावं सुचेना. त्याला वाटलं मला पटलं. तर पुढे म्हणतो, “शेती कोण बघतं तिथे? साहेबांना द्या ना फोन, त्यांना समजावतो.” साहेबांना! माझे साहेब कुंडीला पाणी घालायचं विसरतात. परवाना माझ्या नावावर, बिल माझ्या नावावर, पाठीवर पंप माझ्या, आणि तुमचा माणूस जिवाणू आणि बुरशीतला फरक माझ्या साहेबांना समजावणार, जो त्याला स्वतःलाच माहीत नाही.

बरं, ट्रायकोडर्मा विकत असता तर एक वेळ समजलं असतं, ती तरी बुरशी आहे. पण तीही वाढली की हिरवी दिसते हो, करडी नाही.

मग ११ मिनिटं होल्डवर ती तुमची ट्यून. परत आला आणि म्हणाला, “सिनियरना विचारलं, आपली दुसरी बाटली मारा, तीही बॅसिलसचीच आहे, डबल इफेक्ट येईल.” दुसरी बाटली म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. अळीची! ती अळीने पानाबरोबर खावी लागते तेव्हा अळी मरते. बुरशी काय पान चावून खाते का? आता अळीने तुऱ्यात भोक पाडलं की तिथून ही सड आत शिरते हे खरंय, आणि त्याने तसं सांगितलं असतं तर मी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. त्याला फक्त दोन्ही बाटल्यांवर एकच आडनाव दिसलं.

आणि आज चौथा फोन. आज दुसरेच गृहस्थ, आवाज एकदम कायद्याचा. “फुलांवर मारायला कोणी सांगितलं? लेबलवर स्पष्ट लिहिलंय.” तुम्हीच सांगितलं म्हटलं, आणि पत्रकात पण काढणीच्या दिवसापर्यंत म्हणून लिहिलंय. तर “मॅडम, हे प्रिव्हेंटिव्ह आहे, क्युरेटिव्ह नाही.” अहो हे मला माहितीये! जिवाणू आधी पानावर बसले पाहिजेत, त्यांनी सोडलेली द्रव्यं बुरशीचं आवरण फोडतात, बुरशी आत घुसल्यावर वरून काही उपयोग नाही, हे मीच तुमच्या तिसऱ्या फोनवाल्याला सांगत होते आणि तो मला मित्र बुरशीच्या शुभेच्छा देत होता. मी हे बोलत असतानाच फोन कट.

९ झाडं कापून पिशव्यांत बांधून लांब नेली, कारण तिथेच हलवली असती तर धूळ बाकीच्यांवर गेली असती. उरलेल्या ३१ ची मला जास्त धास्ती आहे. माल लॅबमध्ये जाणार, तिथे एकूण जिवाणूंची मोजणी होते आणि त्यात तुमचे बॅसिलसही मोजले जातात, लॅब हा मित्र तो शत्रू असं विचारत बसत नाही. तुऱ्यावर उशिरा मारलं तर हा आकडा वाढू शकतो याबद्दल तुमच्या पत्रकात एक ओळ नाही. एकच ओळ आहे, ‘काढणीच्या दिवसापर्यंत सुरक्षित’. सुरक्षित कुणासाठी?

मला ९ झाडांची भरपाई आणि सगळ्या बाटल्यांचे पैसे परत हवेत, लेबल खरं की पत्रक खरं याचं सहीशिक्क्याचं उत्तर हवं, आणि उरलेल्या झाडांवर आता काय करायचं हे सांगायला असा माणूस हवा ज्याला जिवाणू म्हणजे काय ते माहितीये. ७ दिवसांत उत्तर आलं नाही तर हेच पत्र ग्राहक आयोगात जाईल आणि लॅबचा रिपोर्ट खराब आला तर परवाना देणाऱ्या खात्याकडेही. दर वेळी तुमची टेप सांगते की कॉल ट्रेनिंगसाठी रेकॉर्ड होतोय, तर ती चारही रेकॉर्डिंग मला पाठवा. ट्रेनिंगला तर ती कुणी वापरलेली दिसत नाहीत.

फोन करू नका. लेखी कळवा.

ता.क. हे टाइप करत असतानाच तुमचा मेसेज आलाय, ‘आमच्या सेवेला १ ते ५ मध्ये गुण द्या’. ० दाबून बघितला, घेत नाही. तेवढं दुरुस्त करा.