सही आणि सोहळा एकाच छपराखाली होऊ द्या: महसूलमंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस

सप्रेम नमस्कार.

नोंदणी व मुद्रांक विभाग आपल्या अखत्यारीत येतो, म्हणून हे पत्र आपल्या नावे. आम्ही सोलापुरात लग्नसमारंभांची आखणी करतो: जागा, मांडव, छपाई, जेवण, कागदपत्रे, सगळेच. आमच्याकडे येणाऱ्या जोडप्यांपैकी काहींचे मागणे जरा वेगळे असते. माणसे दीडशेच्या आत. जागा उंच छताची, जुन्या बांधणीची. अंगावर आजीच्या पेटीतले इरकल नाहीतर नारायणपेठ, टेबलावर सोलापुरी चादर, कोपऱ्यात ग्रामोफोन, आणि लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने, म्हणजे नोंदणी पद्धतीने. मानपान नाही, डॉल्बी नाही.

आमचे म्हणणे एकच आहे. कायदेशीर सही आणि सोहळा एकाच दिवशी, एकाच जागी करण्याची मुभा या कायद्यात पहिल्यापासून आहे. ती सोलापुरातल्या कुठल्याही जोडप्याला हेलपाटे न घालता वापरता यावी, एवढी व्यवस्था आपण लावून द्यावी. आज काय होते? जोडपी आठवडाभर आधी कार्यालयात जाऊन सह्या करून येतात आणि ठरल्या दिवशी पाहुण्यांसमोर पुन्हा हार घालतात. ज्या क्षणी दोघे नवरा-बायको होतात तो क्षण फायलींच्या कपाटाशेजारी उरकतो. आजी-आजोबा, मावश्या, मित्र यांच्या वाट्याला नुसती उजळणी येते. ज्यांनी वर्षभर खपून प्रत्येक गोष्ट मनासारखी जुळवली, त्यांच्यावर ही वेळ येऊ नये असे आम्हाला मनापासून वाटते.

कायद्याचे कलम १२ स्पष्ट आहे. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात, किंवा तिथून वाजवी अंतरावर पक्षकारांना हव्या त्या जागी, ठरलेली जादा फी भरून लग्न लावता येते. विधीही हवा तो करता येतो. हार घाला, सत्यशोधक मंगलाष्टके म्हणा, दोघांनी लिहिलेली वचने वाचा. अट एवढीच की अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्या समोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे, दोघांनाही समजेल अशा भाषेत, तोंडाने म्हटले पाहिजे. हे वाक्य उच्चारल्याशिवाय लग्न पुरे होत नाही. सोलापूरकरांना यात काही परके वाटायचे कारण नाही. दरवर्षी ग्रामदैवताच्या यात्रेत, भोगीच्या दिवशी, संमती कट्ट्यावर लग्नाची संमती वाचली जाते, नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, साक्षीने सिद्धरामेश्वरांचा विवाह लागतो आणि अख्खे गाव अक्षता टाकते. चार माणसांत उच्चारलेल्या शब्दाने लग्न लागते हे या शहराला कुणी शिकवायला नको.

घोडे अडते ते ‘वाजवी अंतर’ आणि ‘अधिकारी कधी येणार’ या दोन ठिकाणी. अंतर म्हणजे किती, हे जोडप्याला आधी कळण्याची सोय नाही. महापालिका हद्दीतले कोणतेही ठिकाण वाजवी अंतरावर धरावे, असे एका ओळीचे परिपत्रक निघाले तरी अर्धे काम होईल. उरलेले अर्धे वेळेचे आहे आणि तिथे हिशेब फार काटेकोर आहे.

समजा लग्न १४ डिसेंबरला करायचे आहे. लग्न करणार असल्याची नोटीस आधी विवाह अधिकाऱ्याकडे द्यावी लागते. ती दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही तर बाद होते, म्हणजे १४ सप्टेंबरच्या आधी दिलेली नोटीस उपयोगाची नाही. उलट बाजूने, कुणाला हरकत घ्यायची असल्यास त्यासाठीचे ३० दिवस नोटीस दिल्यापासून नव्हे, ती प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. तेव्हा १२ नोव्हेंबरपर्यंत नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागलीच पाहिजे, आणि नेमक्या त्याच सुमारास दिवाळीच्या सुट्ट्या येतात. नोटीस दाखल झाली पण फलकावर लागायला आठवडा गेला, तर तो आठवडा जोडप्याच्या खिशातून जातो. आम्ही सगळ्यांना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे जाऊ नका म्हणून सांगतो. शिवाय दोघांपैकी एकाचे तरी नोटिशीआधी सलग ३० दिवस जिल्ह्यात वास्तव्य हवे. मुलगा-मुलगी दोघेही पुण्यात नोकरीला, आई-वडील सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला, असे असेल तर ही अट आधी सोडवावी लागते, नाहीतर नोटीसच घेतली जात नाही. ज्याचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात आहे, त्याच्या तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही नोटिशीची प्रत जाते. सोलापुरात सोयरिकी कलबुर्गी, विजयपूर, हैदराबादपर्यंत जातात, त्यामुळे हे नेहमीचेच.

नोटिशीबद्दल आणखी एक, आणि हे गंभीर आहे. तिच्यावर दोघांची नावे, वये, पत्ते असतात. वेगळ्या जातीच्या किंवा धर्माच्या जोडप्यासाठी तो कागद कधी कधी जिवावर बेततो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. केरळने २०२० मध्ये नोटिसा संकेतस्थळावर टाकणे थांबवले. कायदा केंद्राचा आहे, तो आपल्याला बदलता येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण कायद्याला कार्यालयातला फलक आणि नोटीस वही एवढेच हवे आहे. त्यापलीकडे ती माहिती जाणार नाही, फलकाचे फोटो मोबाइलवरून फिरणार नाहीत, ही काळजी विभागाने घ्यावी.

आता अधिकाऱ्यांच्या वेळेकडे येतो. जोडपे हॉल चार-सहा महिने आधी धरते. जेवणवाला, छायाचित्रकार, छपाईवाला सगळे त्या तारखेला बांधले जातात. फक्त विवाह अधिकारी, ज्यांच्याशिवाय लग्नच लागत नाही, त्यांचीच वेळ शेवटच्या आठवड्यापर्यंत अधांतरी असते. नोटीस स्वीकारतानाच तारीख, तास आणि जागा लिहिलेली पावती मिळावी, हरकत आली नाही तर ती वेळ कायम समजावी. बाहेर येण्याची फी किती, वाहन कुणाचे, हे फलकावर ठळक लावावे. शनिवार-रविवारी जादा फी घेऊन दोन-तीन वेळा राखून ठेवल्या, तर बाहेरगावच्या पाहुण्यांना रजा टाकावी लागणार नाही.

पत्रिकेचेच पाहा. जुन्या वळणाची पत्रिका म्हणजे ट्रेडल छपाईयंत्रावर, खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरे जुळवून. प्रत्येक रंगासाठी कागद पुन्हा मशीनवर चढवावा लागतो, आधीची शाई रात्रभर वाळू द्यावी लागते. दोन रंगांच्या शंभर पत्रिकांना आम्ही आठ-दहा दिवस धरतो, कारण खिळ्यांच्या जुन्या पेटीत एखादे जोडाक्षर हमखास कमी निघते. छपाई झाली की खिळे पुन्हा खणात जातात. त्यानंतर तारीख बदलली तर सगळी जुळणी पहिल्यापासून. म्हणून लेखी पावती हातात आल्याशिवाय पत्रिका छापू नका, असे आम्ही बजावतो, आणि ती पावती वेळेत मिळत नाही म्हणून बरेच जण शेवटी मोबाइलवरच्या चित्रावर भागवतात.

जागेची गोष्ट महापालिकेकडे जाते, म्हणून या पत्राची प्रत आयुक्तांनाही देत आहोत. वारदांचे इंद्रभुवन, म्हणजे आजची महापालिकेची जुनी वास्तू, सोलापूरकरांना किती जवळचे आहे हे वेगळे सांगायला नको. तिथल्या एखाद्या दालनात, सुट्टीच्या सकाळी, पन्नास माणसांपुरते नोंदणी विवाह लावू द्यावेत. दगडी कमानी, कोरीव सज्जे जिथे मुळातच आहेत, तिथे थर्माकोलचा राजवाडा कशाला उभा करायचा? भुईकोट किल्ल्याचा विचार मात्र कुणी करू नये. ते केंद्रीय संरक्षित स्मारक आहे आणि तिथे मेजवानी वा समारंभाला केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय मनाई आहे.

जुन्या वास्तूत समारंभ म्हटला की अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, आणि ते साहजिक आहे. नियम आधी छापून दिले तर वास्तूला धक्का लागत नाही. भिंतीत, लाकडात एकही खिळा नको. सजावट स्वतःच्या पायावर उभ्या चौकटींवर. चाळीस वॉटचे शंभर पिवळे बल्ब म्हणजे चार हजार वॉट. जुन्या वायरिंगवर ते टाकले की फ्यूज उडतो, नाहीतर वायर तापते. त्याच घाटाचे चार वॉटचे एलईडी शंभर लावले तर चारशे वॉटमध्ये काम होते आणि उजेड तोच, फक्त घेताना २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, बघून घ्यावेत. आत चूल, बर्नर, समई काही नको. जेवण अंगणात. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, तेव्हा स्टीलच्या ताटांची पंगत असेल तर माणशी वीस लिटर धरून दीडशे जणांना तीन हजार लिटर लागते. टँकर आदल्या दिवशीच उभा करावा. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि शेंगापोळी आदल्या दिवशी करून ठेवली तरी चालते, म्हणून चुलीवरचा ताणही निम्मा होतो.

सहीच्या टेबलाकडे फारसे कुणी बघत नाही आणि गडबड नेमकी तिथेच होते. टेबल न डुगडुगणारे हवे, चार बाय अडीच फुटांचे तरी, कारण नोंदवही उघडल्यावर बरीच जागा खाते. जुना थाट म्हणून हौसेने दौत-टाक किंवा फाउंटन पेन मांडतात. ते फोटोपुरते ठेवावे. ती शाई वहीच्या कागदावर फुटते आणि निशिगंधाच्या हारातले पाणी ठिबकले की सही पसरते. सहीला काळे बॉलपेन, दोन. हार सह्यांनंतर. साक्षीदार तीन लागतात, ओळखपत्रासह आम्ही पाच जण तयार ठेवतो, कारण एक हमखास बसस्टँडवर अडकतो. जिथे बोटांचे ठसे घेतले जातात तिथे नवरीच्या अंगठ्याच्या पेरावर मेंदी नको. विडी वळून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत अशा आया-मावश्या या शहरात घरोघरी आहेत. त्यांना साक्षीदार म्हणून उभे राहायचे असेल तर ठशाऐवजी दुसरा मार्ग विभागाने लेखी सांगून ठेवावा. लेकीच्या लग्नाला साक्ष द्यायचा मान यंत्राने नाकारू नये.

प्रतिज्ञापत्राचा आणि एकमेकांना स्वीकारण्याच्या त्या एका वाक्याचा छापील मजकूर मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही टेबलावर असावा. शहराच्या पूर्व भागातल्या घरांत तेलुगू बोलतात, दक्षिण सोलापूर-अक्कलकोटकडे कन्नड. दोघांना समजेल ती भाषा चालते असे कायदाच म्हणतो.

कार्यालयात सांगितल्या जात नाहीत अशा दोन गोष्टीही एका पानावर छापाव्यात. कलम १३ खालचा दाखला मिळाल्यावर महापालिकेत नमुना ड भरून पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. ती वाट इतर पद्धतीने लागलेल्या लग्नांसाठी आहे. आणि दोघे वेगळ्या धर्माचे असतील तर वारसाहक्काला सर्वसाधारणपणे १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो; दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे तसे होत नाही. हे सहीच्या आधी कळायला हवे.

थाटाच्या बाकी बाबींत सरकारकडे काही मागणे नाही, फक्त जोडप्यांची फसवणूक टळावी म्हणून लिहितो. पन्नास वर्षांहून जुन्या, व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या मोटारी २०२१ च्या नियमांनुसार भाड्याने वरातीला वापरता येत नाहीत. चालू नोंदणीची पांढरी अॅम्बेसेडर घ्यावी. ग्रामोफोन उन्हात ठेवू नये, लाखेच्या तबकड्या सोलापूरच्या उन्हात वाकतात. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटे वाजते, प्रत्येक बाजूला सुई नवी, नाहीतर बोथट सुई खाचा खरवडते. ग्रामोफोनचा आवाज तीस-चाळीस माणसांपर्यंत पोहोचतो, तेवढाच असू द्यावा.

डिसेंबरातल्या लग्नांच्या नोटिसा सप्टेंबरच्या मध्यापासून पडू लागतात. परिपत्रक ऑगस्टअखेर निघाले, तर याच हंगामात ते जोडप्यांच्या कामी येईल. विवाह अधिकाऱ्यांसोबत बसून वेळापत्रक, टेबलाची मांडणी आणि चार भाषांतला मजकूर तयार करायला आम्ही विनामोबदला वेळ देऊ.

आपले नम्र,
सोलापुरात लग्नसमारंभांची आखणी करणारे

प्रत: मा. नोंदणी महानिरीक्षक, पुणे
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका