सटीनंतरच्या रात्री

साखळी,
नागपंचमी, दुपार

प्रिय बाबू,

रात्री दोन चाळीसला पाठवलेला तुझा निरोप मी पहाटे वाचला. "आई, दर तासाला उठते. दूध पुरत नाही असं वाटतं. डबा आणू का?" फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो, हो" म्हणतोस आणि मागे बाय रडायला लागली की ठेवून देतोस. म्हणून बसून लिहितेय. दोघांनी मिळून वाचा.

आधी त्या पावडरच्या दुधाच्या डब्याचं. दवाखान्याचं कार्ड काढ. जन्मली तेव्हा बाय २ किलो ९०० ग्रॅम होती. पाचव्या दिवशी २ किलो ७०० भरली आणि तुझा चेहरा उतरला. पण सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, दोनेक आठवड्यांत ते भरून निघायला हवं. पंधराव्या दिवशी ती २ किलो ९४० होती. म्हणजे दहा दिवसांत २४० ग्रॅम वाढली. दूध पुरत नसतं तर ही वाढ कुठून आली असती? शिवाय लंगोट मोज. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा चांगली ओली करत असेल तर तिला पोटभर मिळतंय.

मग ती सारखी का उठते? पहिल्या दिवशी तिच्या पोटात जेमतेम चहाच्या चमच्याएवढं दूध मावत होतं. आठवड्याने ते ४५ ते ६० मिलिलिटरपर्यंत येतं, तेही काही फार नाही. अंगावरचं दूध पचायला हलकं, दीड-दोन तासांत पोट रिकामं होतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणं हे या वयाचं नेहमीचं आहे. त्यात आज ती एकोणीस दिवसांची. दोन-तीन आठवड्यांच्या सुमाराला बाळं एकदम वाढीला लागतात आणि दोन-चार दिवस सारखी छातीला चिकटून असतात, संध्याकाळी तर जास्तच. ती पिते म्हणून दूध वाढतं. सहा आठवड्यांच्या आसपास पुन्हा असं होईल, तेव्हा घाबरू नका.

आणि रात्रीचंच पाजणं डब्यावर टाकू, असा विचार असेल तर तो सोड. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. त्या वेळी बाळ अंगावर आलं नाही तर शरीर समजतं की एवढं दूध नको आहे, आणि ते कमी करत जातं. हे मी पुस्तकात नंतर वाचलं. भोगलं त्याच्या आधी.

तू १९९३ च्या पावसात झालास. न्हाणीशेजारच्या खोलीत माझी बाज. पंधरा-सोळा दिवसांचा झालास तसा तूही तासातासाला उठायला लागलास. आजी म्हणाली, दूध पातळ आहे, पोराची भूक भागत नाही. तिने पाच मुलं वाढवलेली, तिच्यापुढे मी काय बोलणार? डबा आला. बाटली पिऊन तू तीन-तीन तास झोपायचास, सगळ्यांना हायसं वाटलं. आठवड्याभरात मला पान्हा फुटेनासा झाला. अंगावर घेतलं की दोन घोट पिऊन तू डोकं मागे टाकून रडायचास. ते रडणं मी अजून विसरलेली नाही.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई घरी आल्या. त्यांनी मला पाजायला बसवलं आणि नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, याच्या तोंडात फक्त बोंड जातंय, भोवतालचा काळा भागही जायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी. माझा हात धरून त्यांनी ते करून दाखवलं. बाटल्या एकेक करत बंद केल्या. दूध परत यायला बारा दिवस लागले.

त्या बारा दिवसांत तुझे बाबा रात्री एकदाही उठले नाहीत. पहाटे खाणीवर जायचं असायचं, आणि बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम, असाच तेव्हाचा रिवाज. बाहेर पाऊस, वीज गेलेली, कंदील, आणि मांडीवर तू. मला तेव्हा किती एकटं वाटलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज तुला सांगतेय.

बायच्या सटीची रात्र आठव. दिवा विझू द्यायचा नाही म्हणून तू स्वतः तेल घालत बसला होतास. कोरा कागद, पेन मांडलेलं, तिची मावशी, शेजारच्या बायका, सगळे जागे होते. गाणी झाली, चहा झाला, बाय हातोहाती फिरत होती. सूनबाई त्या रात्री मध्येच तीन तास शांत झोपली, कारण घरभर माणसं जागी होती. सातव्या रात्री सगळे आपापल्या घरी गेले. बारशानंतर मलाही आजीसाठी परत यावं लागलं. सूनबाईचं माहेर घाटापलीकडे, तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या घरात आता तिच्याबरोबर जागणारा तू एकटाच आहेस.

तुला दूध पाजता येत नाही, बाकी सगळं येतं. रात्री नऊचं पाजणं झालं की बायला तू घे. ढेकर काढ, लंगोट बदल, खांद्यावर घेऊन फिर. सूनबाईनं आतल्या खोलीत दार लोटून झोपावं, बायला खरंच भूक लागेपर्यंत. सलग अडीच-तीन तास झोप मिळाली तरी तिचं डोकं ठिकाणावर राहील. मधल्या रात्री तू झोप, तुला आठला कामावर निघायचं असतं. पहाटे पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की उठायचं आणि सातपर्यंत बायला सांभाळायचं. सूनबाईच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि नाचणीचे लाडू ठेव. पाजायला बसलं की तहान लागते, आणि तेव्हा उठून पाणी घेता येत नाही.

बाय झोपेत कण्हते, हातपाय झाडते, तोंड वेडंवाकडं करते. दर वेळी ती जागी झालेली नसते. क्षणभर थांबून बघ. मूठ तोंडाशी नेऊन चोखायला लागली, मान इकडेतिकडे वळवायला लागली, की मग उचल. पण रडेपर्यंत थांबू नकोस, रडून दमलेलं बाळ नीट पकडत नाही. रात्री मोठा दिवा लावू नका, न्हाणीतला लावून दार किलकिलं ठेवलं की पुरे. गप्पा, खेळवणं दिवसा, पडदे उघडून. दिवसरात्र तिला अजून कळत नाही, दोन-तीन महिन्यांनी कळायला लागेल.

आता एक गोष्ट रागावून लिहितेय. तू परवा म्हणालास, सोफ्यावर तिला छातीवर घेऊन झोप लागली. पुन्हा असं करू नकोस. बाळ तुझ्या अंगात आणि गादीच्या खाचेत अडकून गुदमरू शकतं. डोळे मिटायला लागले की तिला तिच्या जागी ठेव, उताणं, घट्ट गादीवर. आणि मी हौसेनं शिवून दिलेली मोहरीची उशीही काढून टाक. तोंडाजवळ उशी, रजई काहीही नको. मावशीनं आणलेली गुटी आणि मधही नको. मधातून एवढ्या लहान बाळाला बोटुलिझम होऊ शकतो, वर्षाची होईपर्यंत मध नाही. सहा महिने पाणीसुद्धा नाही.

अंग तापलं आणि ताप १००.४ भरला, उठवूनही पीत नाही, लघवी कमी झाली, किंवा पिवळेपणा पायांपर्यंत उतरला, तर सकाळची वाट बघायची नाही. सरळ दवाखाना, नाहीतर १०८. आणि वजन वाढेनासं झालं, डॉक्टरांनीच तपासून वरचं दूध सांगितलं, तर बिनदिक्कत द्या. त्यात सूनबाईचा काही दोष नसेल. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, रात्री दोन चाळीसला तू नव्हे.

सूनबाई रविवारी मला म्हणाली, "आई, मला काहीच जमत नाही." आवाज बरा वाटला नाही. पहिल्या दहा-बारा दिवसांत डोळ्यांत उगाच पाणी येतं, ते बहुतेकींचं निवळतं. आता एकोणीस दिवस झाले. ती रोज रडत असेल, बाय झोपली तरी तिला झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांना सांग. तिच्यासमोर सांग, तिला बरोबर घेऊन. "होईल बरं" म्हणून सोडू नकोस. माझ्या वेळी सगळे तेच म्हणाले होते.

शेजारचा मुलगा बुधवारी मडगावला येतोय. त्याच्याबरोबर उकडे तांदूळ पाठवते, पेजेसाठी. जुनी सुती लुगडी फाडून लंगोट केलेत, तेही त्यात आहेत. या पावसात वाळत नाहीत, कितीही असले तरी कमीच.

काल फोन बाहेरच्या खोलीत राहिला होता. आजपासून उशाशी ठेवते. आजीच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवावं लागतं. बारा, दोन, चार. त्या वेळी मी उठलेलीच असते. फोन कर.

तुझी,
आई