ब्लेंडेड लर्निंगमध्ये वर्गातला तास वाचवायचा नसतो, वापरायचा असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बीएस्सीला संख्याशास्त्र शिकवते. सध्या आमच्याकडे कुठल्याही मीटिंगला गेलं की ब्लेंडेड लर्निंगचा, म्हणजे काही भाग ऑनलाइन आणि काही वर्गात शिकवायच्या पद्धतीचा, विषय निघतोच, आणि पहिला प्रश्न काय असतो तर मग ऑफलाइन लेक्चर किती कमी करता येतील. मला याचाच त्रास होतो म्हणून हे पत्र लिहितेय, कारण ही पद्धत चांगली आहे, मी स्वतः मनापासून वापरते, पण ती ज्या कारणाने चालते तेच कारण आपण काढून टाकायला निघालोय.

युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मे २०२१ मध्ये ब्लेंडेड मोडची कन्सेप्ट नोट काढली, त्यात कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवायला हरकत नाही असं सुचवलं होतं. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स घेऊन क्रेडिट मिळवायची मर्यादाही त्याच वर्षी २० वरून ४० टक्के झाली. तेव्हापासून ४० हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसलाय, पण उरलेल्या ६० टक्क्यांत वर्गात काय वेगळं करायचं यावर बोलणारं फारसं कुणी भेटत नाही.

अमेरिकेतलं सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीचं उदाहरण मुद्दाम सांगते कारण तिथे दोन्ही प्रकार झाले. २०१२ मध्ये त्यांनी इंजिनिअरिंगच्या सर्किट्सच्या कोर्सला एमआयटीच्या प्राध्यापकांचे एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचे व्हिडिओ घेतले, मुलं ते घरी बघून यायची आणि वर्गात गटात बसून गणितं सोडवायची, शिक्षक तिथेच फिरत असायचे. त्या वर्गात ९१ टक्के पास झाले, नेहमीच्या वर्गांत हे प्रमाण ६० च्या आत होतं. एका वर्गाचा आकडा आहे, संख्याशास्त्रवाली म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही. पण पुढच्याच वर्षी तिथेच उडॅसिटी या ऑनलाइन कोर्स देणाऱ्या कंपनीबरोबर पूर्ण ऑनलाइन कोर्स चालवले, पहिल्या सत्रात इतकी मुलं नापास झाली की जुलै २०१३ मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला. अमेरिकेच्या शिक्षण विभागाचा २०१० चा अहवाल पण हेच सांगतो, अनेक अभ्यास एकत्र करून बघितल्यावर मिश्र पद्धतीत मुलं नुसत्या वर्गापेक्षा बरी शिकली, मात्र तिथेच स्पष्ट लिहिलंय की याचं श्रेय ऑनलाइन या माध्यमाला देता येत नाही, त्या मुलांना जास्त वेळ आणि जास्तीचं साहित्यही मिळालं होतं. म्हणजे वेळ वाढला होता, आणि आपण इथे तो कमी करायच्या गोष्टी करतोय!

माझ्या वर्गाचं सांगते. कंडिशनल प्रोबॅबिलिटी, म्हणजे एक गोष्ट माहीत असताना दुसरीची शक्यता काढणं, हा टॉपिक फळ्यावर शिकवला की सगळे माना डोलावतात आणि पेपरात चुकतात. आता मी मराठीत छोटा व्हिडिओ करते, मोबाइलवरच, आठ-दहा मिनिटांचा, आणि सोबत गुगल फॉर्मवर थोडे प्रश्न. समजा १००० लोकांत १० जणांना एक आजार आहे, टेस्ट त्यातल्या ९ जणांना बरोबर पकडते, पण ज्यांना आजार नाही अशा ९९० पैकी ९९ जणांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. मग पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असायची शक्यता किती? बहुतेक मुलं ९० टक्के लिहितात. उत्तर आहे १०८ पैकी ९, म्हणजे साधारण ८ टक्के. हे फॉर्मवर आदल्या रात्रीच मला दिसतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी व्याख्या सांगण्यात तास जात नाही, मी थेट विचारते की ९० कुठून आणले, मग मुलं एकमेकांशी भांडतात, कागदावर १००० माणसं मांडतात, आणि मागच्या बाकावरची कधीच न बोलणारी मुलगी उठून सांगते की सर्वांनी भागाकार चुकीच्या संख्येने केलाय. हे व्हिडिओत होत नाही, व्हिडिओमुळे त्याला वेळ मिळतो एवढंच.

आता अडचणी. सगळ्या मुलींकडे स्वतःचा फोन नसतो, घरचा फोन रात्री भाऊ किंवा वडील वापरतात, वाडीवस्तीवर रेंजची बोंब असते. म्हणून आम्ही व्हिडिओ कमी साइझचे करतो, लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवतो, पेन ड्राइव्हवर देतो. एवढं केलं की चालतं. एनपीटेलचे, म्हणजे आयआयटी-आयआयएस्सीचे ऑनलाइन, कोर्स छान आहेत, पण तिथल्या असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवर फिरतात हे आम्हा सगळ्यांना माहितीये, ७५ टक्के मार्क सेंटरवरच्या परीक्षेला असतात म्हणून निदान तिथे खरं काय ते कळतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून घरी अभ्यास आणि केंद्रावर संपर्क सत्र असंच चालवतंय, नोकरी करून शिकणाऱ्यांना त्या सत्रांचं मोल विचारा.

खरी भीती वेगळीच आहे. राज्यात प्राध्यापकांच्या किती जागा रिकाम्या आहेत हे आपल्याच पेपरात येत असतं, शिकवायचं बरंचसं काम सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने पैसे मिळणाऱ्या शिक्षकांवर चाललंय. लेक्चर कमी झाले की आधी त्यांचे तास जाणार, नंतर वर्कलोड, म्हणजे शिकवायचे ठरलेले तास, भरत नाही म्हणून जागाही भरणार नाहीत. आणि जो शिक्षक व्हिडिओ करतो, फॉर्म तपासतो, त्याचे ते तास वर्कलोडमध्ये कुठेच मोजले जात नाहीत.

म्हणून विद्यापीठांनी दोन गोष्टी लेखी द्याव्यात. ऑनलाइन भाग सुरू केला म्हणून टाइमटेबलवरचा एकही तास कमी होणार नाही, तो तास सोडवायला आणि विचारायला राहील. आणि साहित्य तयार करायचा वेळ वर्कलोडमध्ये धरला जाईल. मी हे आमच्या बोर्ड ऑफ स्टडीजकडे, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाकडे, पाठवलंय, बाकीच्या कॉलेजातल्या शिक्षकांनीही आपापल्या बोर्डाकडे पाठवावं, पुढच्या सेमिस्टरचं टाइमटेबल लागायच्या आत.

- एक प्राध्यापिका, मराठवाडा