'मास्टरप्लॅन'ला उरलीसुरली गाणी म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ओॲसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या रीयुनियनवरचा लेख वाचला, छान जमलाय, २००९ ला बँड कसा फुटला आणि २०२५ ला नोएल आणि लियम गॅलाघर हे दोघे भाऊ परत एका स्टेजवर कसे आले ते सगळं आलंय. पण त्यांच्या 'द मास्टरप्लॅन' या अल्बमला त्यात जेमतेम एक ओळ, तीसुद्धा 'उरल्यासुरल्या गाण्यांचं संकलन' अशी, आणि ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

नोव्हेंबर १९९८ मध्ये आलेल्या या अल्बमवरची चौदाच्या चौदा गाणी बी-साइड, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्डवर (सिंगलवर) त्या मुख्य गाण्यामागे दिलेली जादा गाणी, आहेत हे खरंय. पण तेव्हा ब्रिटनमध्ये सीडी सिंगल निघायचा त्यावर मुख्य गाण्यासोबत दोन-तीन जादा गाणी द्यायची पद्धत होती, आणि बरेच बँड तिथे रिमिक्स नाहीतर एखादं लाइव्ह व्हर्जन टाकून मोकळे व्हायचे. नोएल गॅलाघर मात्र बहुतेक वेळा नवी कोरी गाणी द्यायचा. एप्रिल १९९५ चा 'सम माइट से'च बघा ना, ब्रिटनमध्ये त्यांचा पहिला नंबर वन सिंगल, त्याच्या मागे 'टॉक टुनाइट', 'ॲक्विएस' आणि 'हेडश्रिंकर', आणि ही तिन्ही पुढे मास्टरप्लॅनवर आली. आता 'ॲक्विएस' जरा कान देऊन ऐका, कडवं लियम गातो, घासलेल्या खरखरीत आवाजात, पुढे ढकलत नेल्यासारखं, आणि ध्रुवपद आलं की एकदम नोएलचा मोकळा, उंच आवाज लागतो, म्हणजे दोन भाऊ एकाच गाण्यात एकमेकांच्या हातात गाणं देतायत असं. हे गाणं कुठल्याच स्टुडिओ अल्बमवर नव्हतं!! 'वंडरवॉल'च्या मागे तर खुद्द 'द मास्टरप्लॅन' हे गाणं होतं, व्हायोलिन, ब्रास, सगळा लवाजमा असलेलं, आणि माझ्या मते नोएलने त्याहून मोठं गाणं नंतर कधी लिहिलं नाही.

आपल्याकडे इंग्लिश बँडचे सिंगल फारसे यायचेच नाहीत, कॅसेटच्या दुकानात मिळायचा तो अल्बम, त्यामुळे माझ्यासारख्यांना ही गाणी पहिल्यांदा भेटली ती याच अल्बममुळे. आम्हाला ती मागची वगैरे कधी वाटलीच नाहीत, पहिल्यापासून अल्बम म्हणूनच ऐकली.

सगळंच सोनं आहे असं मी म्हणत नाही. 'द स्वॅम्प साँग' म्हणजे नुसतं वाजवणं आहे, आणि ते ठेवून 'राउंड आर वे'सारखं झकास गाणं वगळलं हे मला आजही पटत नाही. तरीपण ऑगस्ट १९९७ च्या त्यांच्या तिसऱ्या अल्बमशेजारी, 'बी हिअर नाऊ'शेजारी ठेवून बघा, तिथे एकेक गाणं संपता संपत नाही, एक तर नऊ मिनिटांच्या वर जातं, आणि इथे 'रॉकिन चेअर', 'फेड अवे', 'स्टे यंग', सरळ येतात आणि काम करून जातात. यातली निम्मी गाणी नोएलने १९९५ मध्ये सिंगलच्या मागे खर्च न करता तिसऱ्या अल्बमसाठी राखून ठेवली असती तर त्या बँडची गाडी पुढे एवढी घसरली नसती असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि लोकांनी तर निकाल केव्हाच दिलाय. 'हाफ द वर्ल्ड अवे' हे बीबीसीच्या 'द रॉयल फॅमिली' या मालिकेचं शीर्षकगीत झालं, ब्रिटनमध्ये ते घराघरात माहितीये. ४ जुलै २०२५ ला कार्डिफमध्ये दौरा सुरू झाला तेव्हा 'हॅलो' संपल्या संपल्या लगेच दुसरं गाणं 'ॲक्विएस' होतं, मधे 'फेड अवे', 'टॉक टुनाइट' आणि 'हाफ द वर्ल्ड अवे', आणि शेवटच्या एन्कोरची, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर परत येऊन गायच्या गाण्यांची, सुरुवात 'द मास्टरप्लॅन'ने. तेवीस गाण्यांत पाच या अल्बमवरची, भरलेलं स्टेडियम ती शब्दन् शब्द गातंय, आणि आपण छापतोय उरलीसुरली.

तेव्हा एक विनंती, या विषयावर वेगळा लेख जरूर द्या, आणि देणार असाल तर स्वेड या बँडचा १९९७ चा 'साय-फाय ललबाइज' आणि स्मॅशिंग पम्पकिन्स या बँडचा १९९४ चा 'पायसिस इस्कॅरियट' हे अल्बम पण त्यात घ्या, दोन्ही असेच मुख्यतः बी-साइडवर उभे आहेत आणि दोन्हींबद्दल मराठीत जवळजवळ काहीच वाचायला मिळत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे