चांदसैली घाटातल्या पिकअपवाल्या दादांना

दादा, रामराम.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. अंधारात गाडीचा नंबरही पाहिला नाही. तुमची मुलगी आश्रमशाळेत आठवीला आहे, एवढंच बोलता बोलता कळलं होतं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. कुणाच्या तरी मोबाइलवरून ते तिच्यापर्यंत जाईल आणि ती तुम्हाला वाचून दाखवील, अशी आशा आहे.

दिवाळीनंतरचा शनिवार होता. धुळ्याहून निघालो तेव्हा गाडीत मी, बायको, मागच्या सीटवर आई आणि आईच्या मांडीवर फराळाचा डबा. माझी ताई धडगावला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. यंदा दिवाळीत तिची ड्यूटी लागली आणि तिचं माहेरी येणं हुकलं. आई म्हणाली, "ती येत नही ना, मंग आपीन जाऊत." दोंडाईचा झालं, सारंगखेड्याला तापी ओलांडली, शहादा आलं. तिथून म्हसावदच्या रस्त्याने वर चढता आलं असतं, पण तळोद्याला मावशीकडे जेवायचं कबूल केलं होतं. मावशीकडून जेवून लगेच उठणं शक्यच नव्हतं. तिथून चांदसैली घाटाने धडगावकडे निघायला चार वाजले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती लपवून आभार मानले तर ते खोटे ठरतील. मी लहान असताना धडगाव आमच्याच धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. वडील सरकारी नोकरीत होते. त्यांच्या ऑफिसात अक्राणीची, म्हणजे धडगावच्या तालुक्याची, बदली म्हणजे शिक्षा समजायचे. 'तिकडचा घाट', 'तिकडचे लोक' हे शब्द मी जेवणाच्या पाटावर ऐकत मोठा झालो. त्या दिवशीसुद्धा निघताना एका नातेवाइकाने बजावलं होतं की घाटात कुणी हात केला तरी गाडी थांबवू नकोस. मी मान डोलावली होती.

आणि घाटात हात करायची वेळ माझ्यावरच आली.

चढाच्या मध्यावर काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. बारा वर्षांची गाडी, तीन माणसं, डिकीत सामान, आणि मी सगळा चढ गाडी रेटत आणलेली. डोंगराच्या बाजूला गाडी लावली, मागच्या चाकांना दगड लावले. मोबाइलला रेंज नव्हती. खाली तळोद्याकडचं सपाट रान, केळी-पपईचे मळे संध्याकाळच्या धुरकटीत विरत चालले होते. आईला साखरेचा त्रास आहे. संध्याकाळच्या गोळीआधी तिला काहीतरी खावं लागतं आणि डब्यात होते लाडू-करंज्या. दोन मोटारसायकली गेल्या, थांबल्या, "मेकॅनिक तळोद्यालाच भेटेल" म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांच्याजवळ तरी दुसरं काय होतं?

मग वरून तुमची पिकअप आली, सीताफळांच्या क्रेटांनी भरलेली.

तुम्ही खाली उतरून पहिला प्रश्न गाडीचा विचारला नाहीत. "म्हातारीला थंडी वाजते का?" असं विचारलंत, आणि स्वतःच्या सीटवरची गोधडी काढून आईला दिलीत. मी रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. ती पकड मला अजून आठवते. उकळतं पाणी तोंडावर आलं असतं. "अर्धा तास तिला हात लावायचा नाही," म्हणालात. "गरम इंजिनात गार पाणी टाकलं तर हेड तडकतं."

तो अर्धा तास तुम्ही वाया जाऊ दिला नाहीत. वळणाच्या खालच्या पाड्यावर तुमच्या आत्याचं घर आहे म्हणालात आणि आईला हाताला धरून, एकेक पाऊल दाखवत पायवाटेने खाली नेलंत. तिथे मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ मिळाली. आत्यांना मराठी फारसं येत नव्हतं, आईला पावरी येत नाही. आई आपली अहिराणीतच बोलत होती, "बठ ना वं माय मन्हा जोडे," आणि आत्या शेजारी बसून आईच्या बांगड्या चाचपून बघत हसत होत्या. आई जेवली, तिने गोळी घेतली. माझ्या जिवात जीव आला तो तिथे, गाडी तर अजून बंदच होती.

वर आल्यावर तुम्ही ओलं फडकं टाकून झाकण हळूहळू सैल केलंत, टॉर्च तोंडात धरलीत आणि क्लॅम्पजवळ चिरलेला होज पाइप शोधलात. सायकलची जुनी ट्यूब कापून तिची लांब पट्टी केलीत, ताणून ताणून ती पाइपवर गुंडाळलीत आणि वरून तार आवळलीत. पाच लिटरच्या कॅनमध्ये आत्यांकडून आणलेलं पाणी होतं, ते थोडं थोडं ओतलंत. झाकण पहिल्या खाचेवरच ठेवायला सांगितलंत, म्हणजे वाफेचा जोर पट्टीवर येणार नाही. गाडीचा हीटर पूर्ण चालू ठेवायलाही सांगितलंत. इंजिनाची उष्णता तेवढीच बाहेर निघते, हे मला गेली बारा वर्षं ठाऊक नव्हतं.

मी खिशातून पैसे काढले. तुम्ही बघितलंही नाही. तुम्ही गाडीत बसलात आणि पुढच्या रुंद वळणावर ती भरलेली पिकअप उलटी फिरवलीत, परत धडगावकडे. मी म्हणालो, "दादा, तुमचा माल?" तुम्ही म्हणालात, "माल पहाटे जाईल. रस्त्यात पट्टी सुटली तर तुम्ही काय करणार?"

मी शेतकऱ्याचा नातू आहे, दादा. सीताफळ उतरवल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडतं आणि मऊ पडलेल्या फळाला व्यापारी काय भाव देतो, ते मला कळतं. त्या रात्रीचा तुमचा तोटा किती झाला, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही. ते मनात राहिलंय.

तुम्ही पुढे, आम्ही मागे. दर पाच-सहा वळणांनी तुम्ही थांबायचात, पट्टीला हात लावून बघायचात, पाणी घालायचात. एका ठिकाणी तुम्ही टॉर्चने कडा दाखवलात, "इथं दरडी येतात." २०२१ च्या सप्टेंबरमध्ये याच घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. तेव्हा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघालेल्या नवऱ्याची बातमी मी धुळ्यात घरी बसून वाचली होती. तिचा जीव वाचला नाही. ताई त्या बातमीनंतर कितीतरी दिवस फोनवर नीट बोलत नव्हती. मी तेव्हा हळहळलो आणि पान उलटलं. त्या रात्री मागच्या सीटवर तुमची गोधडी पांघरून आई झोपली होती, आणि तो घाट माझ्यासाठी पहिल्यांदा खरा झाला.

साडेनऊला दवाखान्याच्या क्वार्टरपाशी पोचलो. ताई दारात उभी होती. आईने तुम्हाला फराळाचा अर्धा डबा दिला तो तेवढा तुम्ही घेतलात, "पोरीला शंकरपाळे आवडतात" म्हणालात. आई म्हणाली, "भाऊ, देव तुन्हं भलं करो." तुम्ही वाकून तिच्या पाया पडलात, क्रेटमधली सहा-सात सीताफळं ओट्यावर ठेवलीत आणि गेलात. ताईने हाक मारली, "चहा तरी घ्या," तोवर पिकअपचा लाल दिवा वळला होता.

त्या घरी आम्ही चार दिवस राहिलो. तुमच्या पट्टीवर गाडी गावातल्या गॅरेजपर्यंत गेली. नवा पाइप टाकताना गॅरेजवाल्याने ती पट्टी निरखून पाहिली आणि म्हणाला, "हे ज्यानं बांधलं त्याला कळतं." बरं वाटलं ऐकून. परतताना पाड्याजवळ थांबून आत्यांना भेटलो. आईने तिचं एक लुगडं त्यांना दिलं. तुम्ही माल घेऊन गेला होतात, नाव विचारलं तर आत्या नुसत्या हसल्या. माझा प्रश्न त्यांना समजला नसावा.

आता ज्यांनी मला 'घाटात थांबू नकोस' सांगितलं होतं, त्यांना मी ही सगळी हकिगत सांगितली आहे. वडील असते तर त्यांनाही सांगितली असती.

आणखी एक. तुमचा पाच लिटरचा कॅन आणि गोधडी आमच्याकडेच राहिली. गोधडी आईने धुऊन, उसवलेल्या कोपऱ्याला टाके घालून दिली आहे. दोन्ही वस्तू ताईच्या क्वार्टरवर आहेत. दवाखान्यात कुणालाही 'धुळ्याच्या सिस्टर' म्हणून विचारा, ते दाखवतील. होळीला आम्ही पुन्हा येतोय. तोवर नेल्या नाहीत तर मी स्वतः घेऊन येईन. फक्त तुमचा पाडा कोणता, तेवढं मुलीकडून कळवा.

तुमचा,
धुळ्याचा भाऊ