‘मार्गदर्शकासह’चे पैसे घेतलेत, मार्गदर्शक कुठे होता?

प्रति,
व्यवस्थापक,
एकदिवसीय सहल विभाग

दिनांक : २२ जानेवारी २०२६

विषय : १७ जानेवारीच्या ‘नाशिक–त्र्यंबक दर्शन’ सहलीबद्दल तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या माहितीपत्रकात या सहलीचे दोन दर छापलेत. नुसत्या गाडीचे माणशी ८५० रुपये आणि ‘माहितगार मराठी मार्गदर्शकासह’ १,३५०. मी दुसरा दर निवडला आणि दोघींचे २,७०० रुपये आगाऊ भरले. गाडी ठरल्या वेळी सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर आली, आतून झाडलेली-पुसलेली होती, चालकदादांनी कुठेही आडवीतिडवी घातली नाही. त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती वरच्या पाचशे रुपयांची, म्हणजे ज्या माणसासाठी ते घेतलेत त्याची.

थोडं मागचं सांगते, म्हणजे हे इतकं का लागलं ते कळेल. माझी आई ७४ वर्षांची आहे. बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं ३१ वर्षं शिकवलं. सहावीला सातवाहन आले की ती फळ्यावर ‘त्रिसमुद्रतोयपीतवाहन’ एवढा एकच शब्द लिहायची आणि तास संपेपर्यंत पोरांकडून त्याची फोड करून घ्यायची : ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलंय असा राजा. हे बिरुद ज्या लेखात आहे तो शिलालेख नाशिकला पांडवलेण्यात, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. हा राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात तो कोरून घेतला. इतकी वर्षं शिकवून आईनं तो पाहिला मात्र नव्हता. त्याच्यासाठीच ही सहल घेतली. आरक्षण करताना मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं, ‘पांडवलेणी वर चढून दाखवता ना?’ उत्तर मिळालं, ‘हो मॅडम, दीड तास ठेवलाय.’

सकाळी साडेसातला आम्ही गंगेवर पोचलो. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हेही आम्हाला रिक्षावाल्याकडून कळलं.) तुमचा गाईड रामकुंडापाशी उतरला, म्हणाला, ‘वीस मिनिटं. फोटो काढून घ्या.’ आईनं विचारलं, ‘दुतोंड्या मारुती कुठेय हो?’ तो म्हणाला, ‘मारुती नंतर, अंजनेरीला. पण ते आपल्या सहलीत नाही.’ दुतोंड्या मारुती त्याच्या पाठीमागे उभा होता, हाकेच्या अंतरावर, शेंदूर लावलेला, चांगला दोन पुरुष उंचीचा. शेवटी घाटावरच्या चहावाल्यानं सांगितलं की पुराचं पाणी मोजायची नाशिकची पट्टी म्हणजे हा मारुती. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, यावरून अख्खं गाव ठरवतं की दुकानातला माल वर चढवायचा की नाही. त्या चहावाल्याला मी दोन चहांचे पैसे दिले. पाचशे त्यालाच द्यायला हवे होते.

काळाराम मंदिरात माहिती मिळाली ती अशी : ‘हे काळ्या दगडातलं मंदिर. चपला इकडे.’ संपलं. याच दारात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो इथे उभा केला, आणि पुढे पाच वर्षं तो चालला. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कुणालाही हे ठाऊक असायला हवं, नाशिक दाखवायचे पैसे घेणाऱ्याला तर नक्कीच. आई पायरीवर उभी राहून मला हेच सांगत होती, तर गाडीतली बाकीची मंडळी तिच्याभोवती गोळा झाली. जळगावच्या एक ताई विचारत्या झाल्या, ‘तुम्हीच का गाईड?’ आई खूश झाली. मी नाही झाले.

त्र्यंबकेश्वराला पत्रकात ‘दर्शनासह’ लिहिलंय. रांगेपाशी पोचल्यावर गाईड म्हणाला, रांगेला साडेतीन तास लागतील, देणगी दर्शनाचे माणशी दोनशे वेगळे द्या. दिले. शनिवारी तिथे रांग असते हे तुम्हाला आधी माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. कुशावर्त कुंड आम्ही आमचं आम्ही पाहिलं. जेवण ठीक होतं.

आता दुकान. जेवून परत निघालो, तर त्र्यंबक रस्त्यावर एका रुद्राक्ष-रत्नांच्या दुकानापुढे गाडी थांबली. ही जागा पत्रकात नाही. ‘पाच मिनिटं, पाय मोकळे करा’ म्हणून आत नेलं आणि प्रत्येकाच्या हातात गुलाबपाण्याचा पेला दिला. मी काउंटरशेजारी बसले होते. मालकानं छोट्या पावतीबुकात गाडीचा नंबर आणि ‘१४ पॅसेंजर’ असं लिहिलं, कार्बनखालची पिवळी प्रत फाडली आणि गाईडच्या हातात दिली. त्यानं ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. या पाच मिनिटांची झाली पंचावन्न. ३ वाजून २० मिनिटांनी थांबलो, सव्वाचारला निघालो. फोनमधल्या फोटोंवर वेळा आहेत.

त्यात २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं चालू असल्यानं रस्ता जागोजागी अडलेला. पांडवलेण्याच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ५ वाजून ४० मिनिटं झाली होती. तिकीट खिडकी बंद. वरून उतरणाऱ्यांना पहारेकरी शिट्टी मारून हाकत होता. गाईड म्हणाला, ‘वर तसं काही नाही. पांडव राहायचे ती लेणी. खालून फोटो छान येतो.’

महोदय, वर २४ लेणी आहेत. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत आणि पांडवांचा त्यांच्याशी संबंध फक्त नावापुरता आहे. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. आईनं त्याला हे सांगितलं नाही. ती गाडीत जाऊन बसली आणि पुढच्या थांब्याला, मुक्तिधाम मंदिरापाशी, खाली उतरलीच नाही.

परतीच्या वाटेवर मात्र तिनं त्या गाईड मुलाला शेजारी बसवून घेतलं. एस. वाय. बी. कॉम.ला आहे, नांदगावकडचा, शिकायला नाशिकला राहतो. तुमचा नेहमीचा गाईड येणार नाही हे आदल्या रात्री दहाला कळलं, म्हणून याला फोन केलात. व्हॉट्सअ‍ॅपवर एक पान पाठवलंत, त्यात फक्त थांबे आणि वेळा. दुकानाचा थांबा त्यात होता, ‘किमान ४५ मि.’ असं लिहून. ते पान त्यानं आम्हाला दाखवलं. पांडवलेणी तो स्वतःही कधी चढलेला नाही. म्हणजे चूक पोराची नाही, पान लिहिणाऱ्याची आहे.

आम्ही रात्रीच पुण्याला निघणार होतो. तो बेत सोडून एक मुक्काम वाढवला आणि रविवारी सकाळी रिक्षानं पांडवलेण्याला गेलो. पायऱ्या चढायला आईला थांबत थांबत पंचवीस मिनिटं लागली. तिसऱ्या लेण्याची ओसरी खांद्यावर पेललेले ते धिप्पाड यक्ष तिनं एकेक करून पाहिले. लेख तिला वाचता येणार नव्हताच, ब्राह्मी लिपी तिला येत नाही. पण ब्राह्मीतला ‘क’ अधिकच्या खुणेसारखा असतो एवढं ठाऊक होतं, तर मान वर करून ती ‘क’ मोजत राहिली. अकरापर्यंत गेली आणि मान अवघडली. हे सगळं शनिवारी, तुमच्या ‘दीड तासात’, सहज झालं असतं.

माझं मागणं हिशेबाचं आहे. मार्गदर्शकाच्या नावाखाली घेतलेले दोघींचे १,००० रुपये, ‘दर्शनासह’ म्हणूनही वेगळे भरावे लागलेले ४००, वाढीव मुक्कामाचे १,६०० आणि रिक्षाचे ३८०, असे एकूण ३,३८० रुपये १५ दिवसांत परत करावेत. सोमवारी तुमच्या कार्यालयात फोन केला तेव्हा ‘पुढच्या सहलीत दहा टक्के सूट देतो’ असं सांगण्यात आलं. पुढची सहल नको आहे.

पैसे मुदतीत न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार मी पुण्याच्या जिल्हा आयोगात दाखल करीन. तक्रारदार राहतो तिथे ती करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही, हे मी पाहून ठेवलंय. त्यासाठी मला नाशिकला खेपा घालाव्या लागतील या भरवशावर राहू नये.

एक विनंती वेगळी. त्या मुलाचा त्या दिवसाचा मेहनताना कापू नका आणि त्याला काढूनही टाकू नका. एखाद्या सुटीच्या दिवशी, तुमच्या खर्चानं, त्याला पांडवलेण्यावर पाठवा. आईनं त्याला दोन पानं टिपण लिहून दिलंय; ते त्याच्याकडे आहे, मागून घ्यायला हरकत नाही.

आपली,
(सही)

सोबत : आरक्षणाची पावती, माहितीपत्रक, देणगी दर्शनाच्या दोन पावत्या, लॉजचं बिल, वेळांसह सहा फोटो. रिक्षाची पावती मिळत नाही. भाडं हाताने लिहून त्यावर रिक्षाचालकाची सही घेतली आहे.